कान गरम नव्हते

आई वासराचा कान धरायची. सकाळी गोठ्यात शिरली की शेणाची पाटी उचलायच्या आधी ती वासरांच्या खुंटाकडं वळायची, एकेकाचा कान बुडापासून टोकापर्यंत मुठीतून ओढून घ्यायची आणि पुढं सरकायची. कान तापलेला लागला तर वासराच्या तोंडात बोट घालायची. बोट चोखलं तर ठीक. नाही चोखलं तर वडलांना हाक. आमच्या घरात तेव्हा माणसांसाठीसुद्धा थर्मामीटर नव्हता. ताप ही हातानं ओळखायची गोष्ट होती, आणि आईचा हात सगळ्या आळीत खात्रीचा समजला जायचा.

नीरेच्या डाव्या कालव्यालगतचं आमचं गाव. मी सातवीत होते तेव्हा आमच्या पहिल्या संकरित गाईला कालवड झाली. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून तिचं नाव चांदी. माघातली थंडी होती. सहाव्या दिवशी चांदीनं दूध अर्ध्यावर सोडलं. आठव्या दिवशी उठताना ती पुढचे पाय दुमडूनच थोडा वेळ थांबली, मग उठली. नवव्या दिवशी दोन्ही गुडघे मोसंबीएवढे सुजले होते. बाराव्या दिवशी पहाटे ती गेली. आई खुंटापाशी बसून एवढंच म्हणत राहिली, "कान गरम नव्हते गं. मी रोज बघत होते."

मी पुढं पशुवैद्य झाले, त्याला बरीच कारणं आहेत. पण कॉलेजात सांध्यांच्या संसर्गाचा धडा आला तेव्हा मला पुस्तकातलं चित्र दिसलं नाही, चांदीचे गुडघे दिसले. कान का गरम नव्हते, तेही तिथंच कळलं. थंडीत शरीर कान, शेपूट, पायांची टोकं यांतला रक्तपुरवठा आखडून घेतं. ताप चढत असताना तर कातडीच्या रक्तवाहिन्या मुद्दाम मिटतात, म्हणूनच थंडी वाजते. आतून वासरू तापत असतं आणि कान गारच लागतो. शिवाय संसर्ग एखाद्या सांध्यात दबा धरून बसला असेल तर अंगभर ताप चढेलच असं नाही. आईचा हात चुकला नव्हता. तो जिथं होता तिथं ताप नव्हता.

चांदीचा आजार गुडघ्यातून आला नव्हता, बेंबीतून आला होता. नाळ म्हणजे एक दोरी असं आपल्याला वाटतं, पण ती चार नळ्यांची जुडी असते. दोन धमन्या, एक शीर आणि गर्भातल्या वासराच्या मूत्राशयातून निघालेली एक नळी. जन्माच्या वेळी नाळ तुटते तेव्हा धमन्या रबरासारख्या आखडून पोटात ओढल्या जातात आणि मिटतात. शीर मात्र लगेच पुरती बुजत नाही, आणि ती थेट यकृताकडं जाते. म्हणजे शेणामुताच्या ओल्या जमिनीवर नुकतंच जन्मलेलं वासरू पोट टेकून बसतं तेव्हा त्याच्या पोटाला एक दार उघडं असतं. तिथून जंतू शिरले की शिरेतून यकृतात गळू करतात, नळीतून मूत्राशयाकडं जातात, नाहीतर रक्तात मिसळून सांध्यांत उतरतात. गुडघा सुजलेला दिसतो तेव्हा त्या प्रवासाला बरेच दिवस झालेले असतात.

यावरचा उपाय एका लहान वाटीत मावतो. ७ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन वाटीत घ्यायचं, वासराला उभं करायचं आणि तुटलेली नाळ बेंबीच्या बुडापर्यंत त्यात बुडवायची. कापसानं वरवर पुसून भागत नाही, बुडवायचीच. पुढचे दोनतीन दिवस नाळ सुकेपर्यंत पुन्हा पुन्हा. आणि खाली कोरडा पाचोळा, कोरडं पाचट, काहीही, पण कोरडं.

दुसरा उपाय आईच्या सडातच असतो. गाईच्या वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, रोगप्रतिकारक घटक गर्भातल्या वासरापर्यंत पोचत नाहीत. माणसाच्या बाळाला ते पोटातच मिळतात, वासरू मात्र पूर्ण उघडं जन्माला येतं. त्याला जे मिळायचं ते चिकातून. आणि चिकातलं ते धन जसंच्या तसं रक्तात घेण्याची आतड्याची ताकद जन्मानंतर तासातासाला कमी होत जाते. २४ तासांत ते दार जवळजवळ बंद होतं. ३० किलोच्या वासराला पहिल्या एक-दोन तासांत, निदान त्या सकाळीच, तीन लिटरच्या आसपास चीक पोटात जायला हवा. हे मी शेकडो वेळा सांगितलंय आणि शेकडो वेळा मला उत्तर मिळालंय, "वार पडू द्या की मॅडम, मग पाजतो." वार पडायच्या आधी चीक पाजला तर वासराला बाधतो, हा समज किती जुना आहे कुणास ठाऊक. वार पडायला कधी सहा तास लागतात, कधी बारा, कधी ती अडकून दोन दिवस लोंबकळत राहते. तोवर वासरू वाट बघत बसतं, आणि त्याचं दार मिटत राहतं. पहिला चीक शेजारीपाजारी वाटायचा, त्याचा खरवस करायचा, ही रीत प्रेमाचीच आहे. मलाही खरवस आवडतो. पण तो तिसऱ्या दिवसाच्या चिकाचाही होतो.

आमच्या घरी चांदीला चीक दुपारी पाजला होता. ती पहाटे जन्मली होती.

थर्मल कॅमेरा माझ्या आयुष्यात लम्पी या गुरांच्या साथीमुळं आला. २०२२ चा पावसाळा सरत होता. अंगावर गाठी उठलेली जनावरं बघून माणसं हादरली होती, पण मला हादरवणारी गोष्ट वेगळी होती. गाठी दिसायच्या आधी ताप येतो. १०४, १०५ अंश. गाठी उठलेलं वासरू मालक दाखवायचा, आणि मी शेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या वासराला थर्मामीटर लावला की तेही तापलेलं निघायचं. एका गोठ्यात वीस जनावरं, प्रत्येकाचं शेपूट उचलून दीड-दोन मिनिटं थांबायचं, थर्मामीटर धुवायचा, हातमोजे बदलायचे, पुढच्या गोठ्यात आजार आपणच नेत नाही ना ही धास्ती वेगळीच. त्या दोन महिन्यांत लहान वासरं फार गेली. मोठी गाय गाठी घेऊन तरून जायची. दीड महिन्याचं वासरू तरायचं नाही. तेव्हा मनात आलं की कोविडच्या काळात दुकानाच्या दारात कपाळावर धरायचे तसलं काहीतरी, पण डोळ्यांनी बघता येईल असं, आपल्याकडं हवं. पुढच्या वर्षी मी मोबाइलच्या बुडाला जोडायचा एक छोटा कॅमेरा घेतला. एका बऱ्या कालवडीएवढे पैसे त्यात गेले. घरात मी ते दोन दिवस सांगितलं नव्हतं.

हा कॅमेरा प्रकाश बघत नाही. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शलनं १८०० साली सूर्यप्रकाश लोलकातून पाडून वेगवेगळ्या रंगांत थर्मामीटर ठेवले होते. तांबड्याच्या पलीकडं, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत वर चढला. त्या न दिसणाऱ्या किरणांना मराठीत अवरक्त म्हणतात. प्रत्येक उबदार वस्तू ते सतत सोडत असते, माणूस, गाय, उन्हात तापलेला पत्रा. जिवंत अंगाच्या उबेचे किरण साधारण १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे असतात, आणि साधी काच त्यांना भिंतीसारखी अडवते. म्हणून अशा कॅमेऱ्याचं भिंग साध्या काचेचं नसतं, जर्मेनियमसारख्या पदार्थाचं असतं. खिडकीच्या काचेआडून वासराकडं रोखला तर त्यात वासरू दिसत नाही, काचच दिसते. आणि पडद्यावर जे निळं, पिवळं, लाल दिसतं ते रंगही खरे नव्हेत. यंत्रानं समोरच्या दृश्यातल्या सगळ्यांत गार जागेला एक रंग दिला, सगळ्यांत उबदार जागेला दुसरा. समोरचं सगळं निरोगी असलं तरी त्यातलं काहीतरी लाल दिसणारच.

हे समजायला मला सहा महिने लागले. पहिल्या आठवड्यात मला प्रत्येक वासरू आजारी वाटत होतं. एका कालवडीची डावी बरगडी धगधगताना दिसली, न्यूमोनियाच म्हणून मी छातीला स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसं स्वच्छ होती. ती इतका वेळ त्या कुशीवर झोपून नुकतीच उठली होती. दुसरीच्या पाठीवर लाल पट्टा होता, तो पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाचा. ओल्या अंगाचं वासरू पडद्यावर गारच दिसतं, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. वारा असला की सगळी आकडेमोड बिघडते. केस हे तर पांघरूणच, थंडीतल्या दाट केसांच्या वासराचं अंग पडद्यावर राखेसारखं दिसतं आणि आतून ते १०३ असू शकतं.

एकदा एका म्हाताऱ्या बाबांच्या दावणीला खिल्लार बैल होता. कॅमेरा सहज त्याच्याकडं वळला तर मागच्या फऱ्यावर रुपयाएवढी तीन वर्तुळं लख्ख उजळलेली. मी जवळ जाऊन हात लावला. गळू नव्हतं, सूज नव्हती, कातडी गुळगुळीत होती. बाबा म्हणाले, "ते डाग हाईत, पोरी. लहानपनी पाय आखडला व्हता त्याचा. तवा डागला व्हता." केस परत आलेच नव्हते, म्हणून त्या जागेतून अंगाची ऊब थेट बाहेर पडत होती. ताप जावा, सूज जावी म्हणून तापलेल्या लोखंडानं डागायचं, ही आपल्याकडची केवढी जुनी रीत. माझ्या आजोबांनीही वासरं डागलेली आहेत आणि ते काही निर्दयी नव्हते, त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा चटका पडद्यावर अजून उजळ दिसत होता. मी बराच वेळ तिथं उभी होते.

हळूहळू डोळा बसला. वासरांत सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे डोळ्याचा आतला कोपरा, जिथं चिपडं धरतात तो. तिथं केस नसतात, कातडी पातळ असते, रक्त अगदी जवळून वाहतं आणि थंडीनं ती जागा कानासारखी पटकन मिटत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात लॅकोम इथल्या सरकारी शेती-संशोधन केंद्रात यावर काम झालं. तिथल्या ए. एल. शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांच्या डोळ्याभोवतालच्या उष्णतेचा माग काढला. विषाणूची लागण केलेल्या वासरांत डोळ्याभोवतीची उष्णता आजाराची लक्षणं दिसायच्या कित्येक दिवस आधी वाढते, हे त्यांनी २००४ साली मांडलं. पुढं त्यांनी कॅमेरा पाण्याच्या हौदापाशीच बसवला. वासरू पाणी प्यायला आलं की कानातला बिल्ला वाचला जातो, डोळ्याचं उष्णताचित्र निघतं, वासरू पाणी पिऊन निघून जातं. कुणी धरलं नाही, कुणी शेपूट उचललं नाही. धरपकडीनं, घाबरण्यानंही अंग तापतं. पशुवैद्याला ही अडचण रोजची आहे. न धरता मोजणं ही त्यातली मोलाची गोष्ट.

लॅकोमच्या वासरांचं दुखणं वेगळं. तिकडं मांसासाठी वाढवायची वासरं आईपासून तोडून, बाजारातून ट्रकनं दूरवर नेऊन, शेकड्यांनी एका वाड्यात सोडतात. दूध तुटलं, प्रवास झाला, अनोळखी कळप आणि फुप्फुसाचे आजार. तिथं प्रत्येकाचा कान धरायला कुठली आई असणार? आणि वासराची जात दुखणं लपवणारी. कळपात जे लंगडेल त्यावर लांडग्याची नजर जाते, हे त्याच्या रक्तात आहे. वासरू मान टाकून बसलं म्हणजे लपवायची ताकद संपली. माणसाला दिसायच्या आधीच्या त्या चारपाच दिवसांत औषध स्वस्त असतं आणि लागू पडतं.

आमच्याकडं दावणीला तीनच वासरं असतात. तीन वासरांना कॅमेरा कशाला, असं मला एका जुन्या सहकाऱ्यानं विचारलं होतं. मला त्याचं उत्तर गोठ्यातच दिसतं. पहाटे पाचला बाई उठते. शेण, वैरण, धारा, डेअरीचं दूध सहाच्या आत, मग पोरांचे डबे, मग ऊस नाहीतर कांदा. गाय दुधाची म्हणून तिच्याकडं लक्ष जातंच. वासराकडं बघणं दिवसाच्या शेवटी उरतं आणि पुष्कळदा उरतच नाही. त्यात तो गोऱ्हा असेल तर त्याच्याकडं कुणीच बघत नाही.

एकदा मला वार अडकलेल्या गाईसाठी बोलावलं होतं. पंचवीस-सव्वीसचा मुलगा, वीस गायींचा मुक्त गोठा, हुशार, हिशेबी. काम झाल्यावर मी सवयीनं वासराकडं कॅमेरा धरला. पाच दिवसांचा गोऱ्हा. पुढचे दोन्ही गुडघे एका चौकटीत आले आणि डावा हिरवट, उजवा पिवळाधमक. दोन अंशांहून जास्त फरक. इथंच या स्वस्तातल्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग आहे. त्यानं दाखवलेला आकडा दोनतीन अंशांनी चुकीचा असू शकतो, म्हणून "याला १०४ ताप आहे" असं त्याच्या भरवशावर मी कधीच म्हणत नाही. पण एकाच चित्रात, एकाच सावलीत, डावा आणि उजवा यांतला फरक तो अगदी बारीकही पकडतो. वासराचं डावं-उजवं सारखं असायला हवं. नसेल तर का नाही, हे विचारायचं.

मी त्याला उठवून चालवलं. पाव तास थांबले, म्हणजे त्या पायावर झोपला असेल तर ऊब निघून जावी. पुन्हा बघितलं. फरक तसाच. थर्मामीटर १०२.८, म्हणजे वासराच्या मानानं जेमतेम वर. गुडघ्याला सूज दिसत नव्हती, पण दाबल्यावर त्यानं पाय ओढून घेतला. बेंबी ओलसर होती आणि बोटांना आंबूस वास लागला.

"मॅडम, त्याचं काय बघताय एवढं," मुलगा म्हणाला, "गोऱ्हा हाय त्यो."

सांध्याचा संसर्ग दोन इंजेक्शनांत सुटत नाही. दहा-बारा दिवसांचं औषध, वेदनेवरचं वेगळं, बेंबीची रोजची सफाई. त्याचा खर्च मी सांगितला आणि तो मोबाइलमध्ये बेरीज करायला लागला. त्याची आई इतका वेळ गव्हाण झाडत होती. झाडणं न थांबवता ती म्हणाली, "नऊ महिनं वागवलाय तिनं. दे म्हन औषद."

तो गोऱ्हा जगला. थंडीत उजवा पाय जरा जपून टाकतो. सूज यायच्या आधी दिसलं म्हणून जगला, असं मी छातीवर हात ठेवून म्हणेन. आणि तरी संध्याकाळी घरी येताना त्या मुलाचं वाक्यच डोक्यात राहिलं. त्याला दोष देऊन काय मिळणार? ट्रॅक्टर आला, संकरित गोऱ्ह्याला औताला कुणी विचारत नाही, पोसायला वर्षभराचा चारा लागतो. पहिली कात्री त्याच्या दुधाला लागते, मग चिकाला, मग नजरेला. उपाशी वासराला संसर्ग लगेच धरतो, आणि दाखल्यावर मी लिहिते न्यूमोनिया, हगवण, सांधेसूज. भूक हा शब्द त्या दाखल्यात लिहायची जागा नाही.

दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. पंधरा दिवसांची कालवड, फार जीव लावणारी बाई. चीक वेळेवर पाजलेला, नाळ आयोडीनमध्ये बुडवलेली, खाली कोरडं. तिनं मला फोन करून सांगितलं की कालवड पोट आवळून उभी राहते. मी गेले. डोळ्याचा कोपरा ठीक, चारही पायांचे सांधे सारखे, बेंबी सुकलेली आणि बाकी पोटापेक्षा जराही उबदार नाही. पडदा स्वच्छ होता. थर्मामीटर १०३ ला टेकत होता, पण ती दुपार उन्हाची होती. मी म्हटलं, चार दिवस बघू. "पन ती पोट आवळती," बाई पुन्हा म्हणाली. मी जंताचं, पोटदुखीचं काहीतरी लिहून दिलं.

बाविसाव्या दिवशी कालवड गेली. मी स्वतः पोट उघडून बघितलं. बेंबीपासून यकृतापर्यंत जाणारी ती शीर, जी एव्हाना दोऱ्यासारखी बारीक व्हायला हवी होती, ती माझ्या अंगठ्याएवढी जाड होती आणि पुवानं भरलेली. यकृतात गळवं. बाहेरून नाळ वेळेवर सुकली होती आणि आत दार उघडंच राहिलं होतं. कॅमेरा कातडीची ऊब बघतो. तीन बोटं आतलं त्याला दिसत नाही, ते त्याचं काम नाही. काम माझं होतं. बेंबीच्या मागं दोन्ही हातांची बोटं पोटात रुतवून ती दोरी चाचपडायची, जाड लागते का, वासरू कण्हतं का, हे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात शिकवतात. त्या दिवशी मी ते केलं नाही, कारण पडदा स्वच्छ होता. त्या बाईनं जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते मी ऐकलं, पण धरलं नाही.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी सांभाळणाऱ्या माणसाला विचारायचं, काय वेगळं दिसतंय. मग लांब उभं राहून वासराला नुसतं बघायचं. मग कॅमेरा, वासराला हात लावायच्या आधी, कारण आपल्या हाताचीही ऊब त्याच्या अंगावर उतरते. मग थर्मामीटर, मग बोटं. आणि पडद्यावर काही दिसलं म्हणून लगेच सुई काढायची नाही. प्रतिजैविकं आपण आधीच इतकी उधळली आहेत की पूर्वी तीन दिवसांत उतरणारा ताप आता औषधाला दाद देत नाही, हे मला रोज दिसतं. उबदार दिसलेल्या दहा वासरांतली सहा ऊन, धावपळ, झोपण्याची कूस यांची असतात. त्या सहांना सुई न टोचणं हाही त्या कॅमेऱ्याचाच फायदा, जर बघणारीनं पाव तास थांबायची तयारी ठेवली तर.

गेल्या पौषात चार दिवस माहेरी गेले होते. आईनं आता दोनच गायी ठेवल्यात. तिचे गुडघे दुखतात, पण पहाटेचा गोठा तिनं सोडलेला नाही. रात्रीतून एक गाय व्यायली होती. आयोडीनची बाटली खुंटाशेजारी, चीक पाजून झालेला. वार अजून पडायची होती. याबद्दल मी तिला काही बोलले नव्हते. तिनं केव्हापासून बदललं, हे मला माहीत नाही.

मी मोबाइलला कॅमेरा लावला आणि आदल्या महिन्यातल्या दुसऱ्या वासराकडं धरला. धुकं होतं. पडद्यावर वासराचं अंग निळसर, डोळ्यांचे कोपरे दोन ठिणग्यांसारखे, श्वास सोडताना नाकपुड्या उजळायच्या आणि श्वास घेताना विझायच्या. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. ती काही न बोलता पुढं गेली, सवयीनं तिनं कान ओढला, मग वासराच्या पाठीवर तळवा टेकवला आणि उचलला. पडद्यावर त्या जागी पाच बोटांचा तिचा हात उमटलेला राहिला. पिवळा, मग हिरवट, मग कडांपासून विरत गेला.

"हे काय?" ती म्हणाली.

"तुझा हात."

तिनं पुन्हा हात टेकवला, जरा जास्त वेळ, आणि पुन्हा विरेपर्यंत बघत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "बरं. चांगलंय. पण त्या चांदीला काय झालं होतं ते यात दिसलं असतं का?"

"गुडघे दिसले असते, सुजायच्या आधी. चार दिवस तरी आधी."

"आणि बेंबी?"

"बाहेरची. आतली नाही."

"मग आतली कशी बघायची?"

मी मोबाइल खिशात ठेवला. महिन्याच्या वासराला आईनं गळ्याशी धरलं, मी गुडघे टेकून खाली बसले आणि तिचा हात माझ्या हातात घेऊन बेंबीच्या मागं नेला. तिची बोटं गार होती, वासरू दचकलं, मग सैल झालं. "दाब," मी म्हटलं, "अजून. आता यकृताकडं, अशी वर. जाड दोरीसारखं काही लागतंय?"

तिनं डोळे मिटले होते. बराच वेळ ती चाचपत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "मऊ आहे." आणि मग, "थांब, रातच्याचंही बघू दे. त्याला धर तू."